काळ्या समुद्रातली कॉम्ब जेली आणि आमच्या मामा तलावातलं बीज

तलावपाळ_भंडारा
काल आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत यंदा कोणती बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायची यावर वाद झाला. एकानं गवत्या (ग्रास कार्प मासा) मागितला, दुसऱ्यानं बंदी असलेला आफ्रिकन मांगूर मासा. दोन्हीला माझा विरोध आहे. मी नेमिऑप्सिसचं उदाहरण दिलं, तर म्हणे समुद्राचं इथं काय काम? म्हणून इथं सविस्तर लिहितो.

नेमिऑप्सिस ही कॉम्ब जेली, म्हणजे जेलीफिशसारखा दिसणारा समुद्रातला पारदर्शक जीव. अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या केसांच्या रांगा, बाकी जवळजवळ सगळं पाणीच. मूळची अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्याची. जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरून घेतात, त्यातून 1980 नंतर काळ्या समुद्रात पोचली. ती डंख मारत नाही. अंगावरच्या बारीक केसांनी पाण्याचा इतका संथ ओघ आत ओढते की शिकारीला चाहूलच लागत नाही. मग तिचे चिकट धागे पकडतात. खाते काय, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाण्यातले किडे, माशांची अंडी, नुकती फुटलेली पिल्लं. पोट भरलं तरी थांबत नाही, जास्तीचं शेंबडात गुंडाळून बाहेर टाकते. नर-मादी एकाच अंगात आणि अंडी दिवसाला हजारोंनी.

तिथला अँचोव्ही मासा त्याच किड्यांवर जगतो. म्हणजे त्याच्या ताटातलंही गेलं आणि पाळण्यातलंही. 1989 च्या सुमारास ही जेली बेसुमार वाढली आणि अँचोव्हीची मासेमारी कोसळली. पुढे 1999 मध्ये ती कॅस्पियन समुद्रात शिरली, तिथं किल्का माशाचे तेच हाल झाले.

माझं म्हणणं एवढंच की नवा जीव पाण्यात सोडण्याआधी तो काय खातो ते विचारा. गवत्या भारतात 1959 मध्ये आणला तो गवत खातो म्हणून. पण आमच्या तलावात त्याच गवतात देशी मासे अंडी घालतात नं जी.

वैनगंगा_काठ
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. जेली यायच्या आधीच काळ्या समुद्रातले बोनिटो, मॅकरेल हे मोठे मासे आणि डॉल्फिन माणसांनी मारून संपवत आणले होते. डॅन्यूब नदीतून शेतातलं खत येऊन पाणी शेवाळलं होतं. अँचोव्हीवर बोटींची धाड वेगळीच. रिकाम्या घरात पाहुणा घुसला आणि चोरीचा आळ त्याच्यावर!

आपल्याकडं तेच चाललंय. मृगाच्या पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यानं चढतात, तेव्हा मच्छरदाणी लावून कोण बसतं? तलावाचा गाळ किती वर्षांत काढला नाही? अर्धा तलाव बेशरमाच्या झुडपांनी खाल्ला. आणि खाण्यावरूनच गुन्हा ठरवायचा तर कतलाही वरच्या थरातले तेच किडे खातो, तोही बाहेरूनच आला. त्याला का नाही हाकलत?

विज्ञान_शिक्षिका_गोंदिया
दोघांनाही एकेक सांगते. काय खाते हे कागदावर वाचून पुरत नाही. ही जेली 2006 च्या सुमारास बाल्टिक समुद्रात दिसली, तेव्हा कॉड माशाची अंडी संपतील अशी धास्ती होती. प्रयोगात तपासलं तर तिनं ती फारशी खाल्लीच नाहीत.

पण 'रिकामं घर' एवढ्यानंही भागत नाही, दादा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की उन्हाळ्याच्या शेवटी किडे संपले की मोठ्या जेली स्वतःचीच पिल्लं खातात आणि हिवाळ्यासाठी तग धरतात. अन्न संपल्यावर ज्याची पिलावळच शिदोरी होते, तो जीव साधा पाहुणा नव्हे. काळ्या समुद्रात तिला आवर बसला तो 1997 मध्ये बेरोई ही दुसरी कॉम्ब जेली आली तेव्हा. ती हिलाच खाते. आपल्या तलावात मोठ्या मांगुराला खाणारं कोण आहे?

तलावपाळ_भंडारा
ताई, कॉडचं मला ठाऊक नव्हतं. बैठकीत तेही सांगीन.

वैनगंगाभाऊ, मच्छरदाणीचं तुमचं खरं आहे. मागच्या वर्षी सांडव्याखाली एकाच्या टोपलीत हात घातला तर बोटांना पिवळी अंडी चिकटून आली, मुठीभर. पण मी तिथं गप्प बसलो. तरीही गवत्याला माझा विरोध कायम. बेशरम तो खात नाही, देवधान (तलावातलं रानटी धान) मात्र ठेवणार नाही.

वैनगंगा_काठ
मग मृगाचे पंधरा दिवस ओढ्यावर जाळं बंद, हा ठराव आधी मांडा. तो मांडला तर गवत्याच्या विरोधात माझा हात वर राहील. नाही मांडला, तर मी गवत्याच्याच बाजूनं बसणार. नुसत्या माशाला दोष देणाऱ्या ठरावाला माझी सही नाही.