स्टेरॉइड संयुगांची विषाणूरोधी चाचणी : परिणाम खरा की पेशींना झालेली इजा? मदत हवी आहे

नमस्कार. मी गोव्यातील एका प्रयोगशाळेत पीएच.डी.चे काम करते. डीएचईए या स्टेरॉइडपासून आमच्या रसायनशास्त्रातील सहकाऱ्यांनी तयार केलेली काही संयुगे व्हेरो पेशींमध्ये (माकडाच्या मूत्रपिंडापासून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी) हर्पीस सिम्प्लेक्स १ विषाणूवर तपासण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात माकडताप हा विषाणूजन्य आजार आला तेव्हापासून विषाणूरोधी औषधांचा विषय माझ्या मनात घर करून आहे. परंतु त्या विषाणूसाठी लागणारी जैवसुरक्षेची सोय आमच्याकडे नसल्यामुळे सुरुवात हर्पीसपासून केली आहे.

एका संयुगाने २० मायक्रोमोलरला प्लाकांची (विषाणूने पेशी मारल्यामुळे पेशींच्या थरात पडणाऱ्या मोकळ्या ठिपक्यांची) संख्या निम्म्यावर आणली, तेव्हा फार आनंद झाला होता. मात्र एमटीटी चाचणीत (पेशींच्या चयापचयावरून जिवंत पेशी मोजणारी चाचणी) ४५ मायक्रोमोलरला निम्म्या पेशी निकामी ठरल्या, म्हणजे निवडकता निर्देशांक (विषारी मात्रा भागिले परिणामकारक मात्रा) जेमतेम सव्वादोन. त्यातही एक चूक माझ्या उशिरा लक्षात आली : प्लाक चाचणी मी पेशींचा थर पूर्ण भरल्यावर केली होती आणि विषारीपणा मात्र विरळ, वाढत्या पेशींवर मोजला होता. वाढत्या पेशी अशा संयुगांना अधिक बळी पडू शकतात, त्यामुळे या दोन आकड्यांचा भागाकार करणेच मला आता योग्य वाटत नाही. भरलेल्या थरावर, तितकेच तास ठेवून एमटीटी पुन्हा करणे पुरेसे ठरेल, की त्यासोबत न्यूट्रल रेडसारखी (जिवंत पेशी रंग शोषून घेतात यावर आधारलेली) वेगळ्या तत्त्वावरची चाचणीही जोडावी?

दुसरी अडचण मला अधिक छळते आहे. पेशी वाढवण्याच्या ताटलीतील ४० मायक्रोमोलरच्या खाचांमध्ये, विशेषतः कडेला, सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे बारीक स्फटिक दिसतात, आणि संयुग असे खाली बसले असेल तर पेशींपर्यंत नेमके किती पोहोचले हे सांगता येत नाही. संयुगे ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ हा द्रावक हवेतील ओलावा ओढून घेतो आणि आमच्याकडच्या जुलैत तो ओलावा कमी नसतो, म्हणून नवी सीलबंद बाटली वापरली, माध्यम ३७ अंशांपर्यंत कोमट करून घेतले आणि नियंत्रण खाचांसह सर्वत्र डीएमएसओ ०.५ टक्क्यावर ठेवला. स्फटिक कमी झाले, पण गेले नाहीत.

हायड्रॉक्सीप्रोपिल बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (पाण्यात सहज न विरघळणारे रेणू आपल्या पोकळीत धरून विरघळवणारे शर्करेचे वलय) वापरण्याचा सल्ला मिळाला आहे. परंतु ते पेशीपटलातील कोलेस्टेरॉल काढून घेऊ शकते आणि हर्पीसला पेशीत शिरण्यासाठी तेच कोलेस्टेरॉल लागते, तेव्हा केवळ वाहकामुळेही प्लाक घटतील अशी मला धास्ती आहे. विषाणू पेशीत शिरून गेल्यानंतर, म्हणजे संसर्गानंतर दोन-तीन तासांनी, सायक्लोडेक्स्ट्रिनमधील संयुग घालावे आणि शेजारी नुसत्या सायक्लोडेक्स्ट्रिनच्या खाचा ठेवाव्यात, असे योजिले आहे. ज्यांनी स्टेरॉइड अशा रीतीने विरघळवले आहेत, त्यांनी सायक्लोडेक्स्ट्रिनचे प्रमाण किती ठेवले होते?