चालू पीसी बदलू का? (गिरगाव, बजेट ४ हजार)

पत्रिका_गिरगाव: आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. पीसीचा प्रोसेसर आय-३ चौथी पिढी, ४ जीबी रॅम, विंडोज १० (३२ बिट). त्यावर पेजमेकर ७ (पानं जुळवायचा जुना प्रोग्रॅम) आणि जुने मराठी फॉन्ट. डोंगल (पीसीला लावायची परवान्याची किल्ली) लावल्याशिवाय ते फॉन्ट चालत नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून भाऊ 'बदल' म्हणून मागे लागलाय. पीसी कामात कधी अडलेला नाही. तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे श्वास घ्यायला वेळ नसतो. काय करू?

ठाणे_पश्चिम: नवीन लॅपटॉप घ्या. मी ५८ हजारांचा घेतला, १६ जीबी रॅम. पळतोय नुसता.

परळकर: अहो, बजेट ४ हजार लिहिलंय त्यांनी. ताई, जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाका. माझा जुना पीसी चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा, आता अर्धं मिनिट.

डोंबिवली_पूर्व: विंडोज ११ च्या नादी लागू नका. त्याला प्रोसेसरची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. माझ्या जुन्या पीसीवर एका दुकानदाराने ७०० रुपये घेऊन ते कसंबसं बसवलं. दुसऱ्याच दिवशी प्रिंटर बंद. महिनाभर बिलं हाताने लिहिली, अजून संताप होतो.

अक्षरजुळणी: डोंगलबद्दल कोणीच बोललं नाही! विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही. ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटवर बरेचदा चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) चालत नाही. डोंगलला ६४ बिटचा ड्रायव्हर मिळतो का, ते आधी विचारा. नसेल तर फॉन्ट गेले, आणि मग जुनी पत्रिका उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्यापेक्षा पीसीचं इंटरनेट काढा. ग्राहकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासा. अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या.

देवनागरी_मुलुंड: मूळ दुखणं जुने फॉन्ट आहेत. युनिकोडवर (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीवर) या.

अक्षरजुळणी: पेजमेकर ७ ला युनिकोड कळत नाही.

देवनागरी_मुलुंड: मग पेजमेकर सोडा. फाइलींना कन्व्हर्टर आहेत.

अक्षरजुळणी: रफार आणि जोडाक्षरं तपासायला माणूस लागतोच. नवरदेवाचं आडनाव चुकलं तर पाचशे पत्रिका पुन्हा छापायच्या, स्वतःच्या खर्चाने.

विक्रोळीकर: एसएसडी टाका. लॅमिंग्टन रोडला घासाघीस करून घ्या.

परळकर: तेच वर सांगितलं. आणि ऑनलाइन स्वस्त पडते.

विक्रोळीकर: बिघडली की दुकानात समोर उभं राहून बदलून घेता येते. मी दोनदा घेतलीय.

पत्रिका_गिरगाव: सगळ्यांचे आभार. एसएसडीसुद्धा आत्ता नको. वेग मला पुरतो, आणि हंगामाच्या तोंडावर चालू मशीन उघडायला मन धजत नाही. आज इंटरनेटची वायर काढली. उद्या बाहेरची हार्डडिस्क आणते आणि दुकान बंद झाल्यावर इमेज घेते. पैसे उरले तर यूपीएसची बॅटरी बदलते, ती दोन मिनिटंसुद्धा टिकत नाही.

परळकर: डिस्क जुनी आहे ताई, पुन्हा विचार करा.

ठाणे_पश्चिम: लॅपटॉपला यूपीएस लागतच नाही.