शब्दचर्चा : ‘सामासिक अंतर’ आणि ‘सामाईक भिंत’

शुक्रवार पेठकर
जुनं घर उतरवून नवीन बांधायचं चाललंय. नकाशावर पूर्वेच्या बाजूला ‘सामासिक अंतर’ असं लिहून आलंय. शेजारचे काका म्हणतात, सामाईक म्हणजे दोघांचं, तिथं आमचीपण गाडी लागणार. घरातल्यांना वाटतंय की ही छपाईची चूक आहे. पश्चिमेला मात्र खरोखरच दोन्ही घरांत मिळून एक भिंत आहे. जुन्या खरेदीखतात तिला ‘निमे भिंत’ म्हटलंय. या शब्दांचे नेमके अर्थ कुणी सांगेल का?

कागदवाचक
छपाईची चूक नाही. इथला ‘समास’ व्याकरणातला नव्हे, वहीच्या पानाला कडेनं सोडतो तो. प्लॉट हे पान धरा आणि बांधकाम हा मजकूर. कडेची कोरी जागा ती सामासिक. ती पूर्णपणे तुमच्या हद्दीत आणि तुमच्याच मालकीची असते, फक्त तिथं बांधायचं नसतं. शेजाऱ्यांची पूर्वापार वहिवाट नसेल, तर ‘सामासिक’ या शब्दातून त्यांना कसलाही हक्क मिळत नाही. ‘सामाईक’ म्हणजे दोघांच्या मालकीचं. हे दोन शब्द एकच समजून आपल्या गावात कितीतरी घरांचं बोलणं बंद झालंय, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

अंतर किती सोडायचं ते २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. पेठांतल्या दाट वस्तीला एक हिशेब आणि बाहेरच्या ले-आउटला दुसरा, त्यामुळं कोल्हापुरातच, पण पेठांबाहेर राजारामपुरीत राहणाऱ्या पाहुण्यांचा आकडा तुम्हाला चालेलच असं नाही.

रुईकर
काही जण ‘सामायिक’ असंही लिहितात. आमच्या जैन घरांत सामायिक म्हणजे ४८ मिनिटं समभावात बसण्याची साधना. जमिनीच्या कागदात ‘सामाईक’च बरं.

गवंडीकाम
दोन घरांतल्या सामाईक भिंतीला आमी ‘जोडभिंत’ म्हणतो. जुन्या पेठांत ही भिंत मातीची नायतर पांढऱ्या मातीत बांधलेली असतीया, आणि दोन्ही घरांच्या तुळया तिच्यातच बसवलेल्या असत्यात. एका बाजूचं घर काढलं की तिचा तोल जातोय, कारण इतकी वर्षं दोन्हीकडनं दाब होता. तवा आधी पलीकडच्या तुळयांना टेकू द्यायचा, मगच आपल्या बाजूच्या तुळया सोडवायच्या. पाया एका दमात सगळा खणायचा नाय. थोडा खणायचा, भरायचा, मग पुढचा. आन भिंतीचा माथा उघडा ठेवू नका. वरनं पाणी मुरलं की माती आतनं सुटती. जूनच्या तोंडावर उतरवायला काढू नका एवढंच हात जोडून सांगतो. पलीकडं माणसं झोपल्याली असत्यात.

कोर्टकचेरी
आता ‘निमे भिंत’. याचा अर्थ मधोमध रेघ मारून अर्धी माझी, अर्धी तुझी, असं बहुतेकांना वाटतं. व्यवहारात ती सामाईकच धरावी आणि एकट्यानं पाडू नये. आपल्याकडं जोडभिंतीसाठी वेगळा कायदा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६चा आहे. तिथं शेजाऱ्याच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं तर महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. आपल्याकडं १८८२चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे वकील ज्याला ‘इझमेंट’ म्हणतात तो, आणि महापालिकेची परवानगी यांवरच भागवावं लागतं.

त्या कायद्यात ‘आधार’ हा शब्द आहे, तो नीट समजून घ्या. शेजारच्या मोकळ्या जमिनीला तुमच्या जमिनीचा आधार निसर्गतःच मिळतो, तो काढून घेता येत नाही. पण तिच्यावर घर असेल, तर त्या घराच्या भाराला आधाराचा हक्क २० वर्षं विनाअडथळा, हक्क म्हणून उपभोगल्यावर लागतो. खिडकीच्या उजेडाला आणि वाऱ्यालाही २० वर्षंच. पेठेतल्या घरांनी ती मुदत कधीच ओलांडलीय, म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्यांची बाजू भक्कम आहे असं धरूनच चाला. महापालिकेचा परवाना हातात असला तरी हा दिवाणी हक्क पुसला जात नाही.

शुक्रवार पेठकर
म्हणजे पश्चिमेकडून ‘नाहरकत’ लिहून घेतली की झालं?

कोर्टकचेरी
नाही. ‘नाहरकत’ म्हणजे माझी तक्रार नाही, एवढंच. सामाईक भिंत पाडायला ‘संमती’ लागते, आणि ती करारात हवी : भिंत कोण बांधणार, जाडी किती, खर्चाची वाटणी कशी, पलीकडं तडा गेला तर दुरुस्ती कुणाची. काम सुरू करायच्या आधी त्यांच्या खोल्यांचे तारखेसह फोटो काढून दोघांनी सह्या करा.

कागदवाचक
आणि पूर्वेकडं ‘हद्द कायम मोजणी’, म्हणजे हद्द ठरवून जागेवर खुणा करून देणारी सरकारी मोजणी, मागवा. साधी ‘मोजणी’ म्हणून अर्ज करू नका, प्रकार स्पष्ट लिहा. खतातल्या ‘चतुःसीमा’ फक्त कुणाच्या शेजारी कोण ते सांगतात. रेघ कुठून जाते ते मोजणीच्या नकाशावर कळतं. मोजणीच्या दिवशी काकांना घरी बोलवा आणि खुणा त्यांच्यासमोर करून घ्या.