लेफ्ट बँक: एका गाण्यापुरता बँड नव्हे

'लेफ्ट बँक' या अमेरिकन पॉप बँडला कुणी एका गाण्याचा, म्हणजे एकच गाणं गाजलेला बँड म्हटलं, की ते पटत नाही. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये हा बँड जमला तेव्हा त्यातला कीबोर्डवादक आणि गाणी रचणारा मायकल ब्राउन सोळा वर्षांचा होता. त्याचे वडील हॅरी लुकोफ्स्की नावाजलेले व्हायोलिनवादक, शिवाय स्वतःचा स्टुडिओ. म्हणून हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं जुनं वाद्य) आणि व्हायोलिनं या मुलांच्या हाताशीच होती. त्यांचं 'वॉक अवे रेने' हे गाणं १९६६मध्ये अमेरिकेत पाचव्या क्रमांकावर पोचलं, ते सगळ्यांना आठवतं.

पण त्यानंतरचं 'प्रिटी बॅलेरिना' जरूर ऐका! तीव्र मध्यम (चढा म) आणि कोमल निषाद (उतरलेला नी) एकाच चालीत, तेही रेडिओवरच्या पॉप गाण्यात. १९६७च्या टीव्ही कार्यक्रमात प्रसिद्ध अमेरिकन संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइननं मुद्दाम त्याचा दाखला दिला होता. बँडचा गायक स्टीव्ह मार्टिनचा हळवा आवाज त्या सुरांवर काय सुंदर बसलाय!

घात झाला तो आपसातल्या भांडणानं. दौरे नकोसे झालेल्या ब्राउननं १९६७मध्ये बँडच्या नावावर दुसऱ्याच लोकांना घेऊन रेकॉर्ड काढली. बाकीचे वकिलाकडे गेले, वाद चिघळला, रेडिओवाल्यांनी हात आखडता घेतला. इतक्या गुणी मुलांचं असं व्हायला नको होतं.