ओला, सुका आणि शिकागोचा एकोणिसावा वॉर्ड

सचिव (ए २०१): सूचना. घंटागाडीने आजही आपला कचरा उचलला नाही. ओला-सुका एकत्र आहे म्हणून सांगून गेले. आज तिसरा दिवस.

सी ६०४: डबे आमच्या खिडकीखाली आहेत हो. मेंटेनन्स कशाचा भरतो आपण?

बी ४०३ काका: वॉर्ड ऑफिसला तक्रार करा.

सचिव: केल्यात. दोन.

बी १०२ आजी: दोनच? शिकागोत एका बाईने शेजारणींना घेऊन दोन महिन्यांत १०३७ केल्या होत्या.

सी ६०४: आजी, हे फॉरवर्ड आहे ना?

बी १०२ आजी: फॉरवर्ड कुठला रे, बत्तीस वर्षं इतिहास शिकवलाय. जेन ॲडम्स तिचं नाव. थांब, लिहिते. मला टाइप करायला वेळ लागतो.

बी ४०३ काका: आता अर्धा तास "टायपिंग" दिसणार.

बी १०२ आजी: ॲडम्सबाई खात्यापित्या घरातल्या, १८६० चा जन्म. १८८९ मध्ये एलन स्टार या मैत्रिणीबरोबर शिकागोच्या एकोणिसाव्या वॉर्डात, हॉलस्टेड स्ट्रीटवर एक जुना वाडा घेऊन राहायला गेल्या. तेच हल हाऊस. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, ज्यू, बोहेमियन मजूर, एकेका खोलीत दोन दोन बिऱ्हाडं. दान वाटून घरी परतायचं नाही, तिथेच शेजारी म्हणून राहायचं, असं यांचं म्हणणं. बालवाडी काढली, न्हाणीघरं बांधली, संध्याकाळचे वर्ग चालवले. पण गल्लीत कचऱ्याच्या मोठ्या लाकडी पेट्या, त्यात सडकी फळं न् मांस, आणि पोरं त्याच पेट्यांवर चढून खेळायची.

मग हल हाऊसच्या महिला मंडळातल्या बारा जणी आठवड्यातून तीन संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घालायला लागल्या. दिवसभर राबून आलेल्या बायका बरं का. ऑगस्ट-सप्टेंबरात आरोग्य खात्याकडे १०३७ तक्रारी गेल्या, सगळ्या जागेवर जाऊन पडताळलेल्या. तरीही फारसा फरक पडेना, तेव्हा बाईंनी वॉर्डाचा कचरा उचलायचं टेंडरच भरलं.

सी ६०४: आणि?

बी १०२ आजी: तांत्रिक कारणाने बाद.

ए २०४: हे शिकागो की आपली महापालिका?

बी १०२ आजी: पण त्या टेंडरचा एवढा गाजावाजा झाला की १८९५ मध्ये महापौरांनी त्यांनाच वॉर्डाची कचरा निरीक्षक नेमलं. वर्षाला १००० डॉलर पगार. पहाटे सहाला उठून बाई कचरागाड्यांच्या मागे थेट डंपिंगपर्यंत. कंत्राटदाराला नऊच्या तेरा आणि तेराच्या सतरा गाड्या करायला लावल्या. एका अरुंद गल्लीत १८ इंच कचरा उपसल्यावर खाली चांगला फरसबंद रस्ता निघाला! तिथे राहणाऱ्या इटालियन लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. शहरात मृत्युदरात तिसरा असलेला हा वॉर्ड पुढे सातव्यावर गेला.

सचिव: त्यांना पगार तरी होता. आम्हाला फक्त शिव्या.

बी ४०३ काका: शेजारच्या लोकांनी डोक्यावर घेतलं असेल.

बी १०२ आजी: छे. बाईमाणसाने कचऱ्याच्या गाडीमागे फिरायचं म्हणजे काय, असं शेजारणीच म्हणायच्या. या समजावायच्या की आजाऱ्याची सेवा बाईचं काम मानता ना, मग आजार होऊच नये म्हणून खटपट करणंही तिचंच.

ए ७०१ ताई: आजी, इथे मी आडवी येते. म्हणजे बाईला रस्त्यावर यायचं तरी घरकामाचाच दाखला? "शहर म्हणजे मोठं घर, म्हणून बायकांना मत द्या" हा त्यांचाच युक्तिवाद ना? माझं मत मला माणूस म्हणून हवं, झाडू चांगला मारते म्हणून नव्हे.

बी १०२ आजी: तुझं खरं आहे ग. त्या काळातही हे म्हणणाऱ्या होत्या. पण मला वाटतं त्यांनी तो मुद्दा पुस्तकातून नाही, त्या पेट्यांजवळ उभं राहून काढला. पूर्वी बाई घरचं दूध, पाणी, स्वच्छता स्वतः बघायची. शहरात दूध बाहेरून येतं, पाणी पालिकेचं, कचरा कंत्राटदाराचा. पोराला टायफॉइड झाला तर आईने कितीही भांडी घासून काय उपयोग? १९०२ मध्ये त्या वॉर्डात शहराची ३६ वा हिस्सा वस्ती आणि टायफॉइडच्या मृत्यूंपैकी सहावा हिस्सा. ज्याच्या हाती ते नळ आणि गटार, त्याला निवडायचा हक्क आईला नाही. इलिनॉयमध्ये बायकांना पालिका निवडणुकीत आणि राष्ट्राध्यक्षासाठी मत १९१३ ला मिळालं, देशभर १९२० ला.

ए ७०१ ताई: युक्तिवाद पटला नाही, पण आकडा लक्षात राहील.

सी ६०४: नगरसेवक काय करत होता?

बी १०२ आजी: जॉनी पॉवर्स! त्याच्याविरुद्ध १८९६ आणि १८९८ ला हल हाऊसने उमेदवार उभे केले, दोन्ही वेळा आपटले. पॉवर्स मयताला हजर, नाताळात टर्की पक्षी वाटायचा, पोरांना नोकऱ्या लावायचा. बाईंनी नंतर प्रांजळपणे लिहिलं की तो अडीनडीला धावून जातो म्हणून लोक त्याला मत देतात. निवडणूक हरल्यावर इतकं शांत डोक्याने लिहिणारं माणूस मी तरी दुसरं वाचलेलं नाही.

ए २०४: टर्कीच्या जागी साड्या वाचलं.

बी ४०३ काका: समाजसेवेपर्यंत ठीक हो. अशा लोकांनी मग राजकारण, युद्ध वगैरेत पडू नये. नाव खराब होतं.

बी १०२ आजी: झालंच खराब. एप्रिल १९१५, युरोपात युद्ध पेटलेलं. लढणाऱ्या आणि तटस्थ अशा बारा देशांतल्या हजारावर बायका हेगला जमल्या आणि अध्यक्षपदी ॲडम्सबाई. जाताना इंग्रजांनी त्यांचं जहाज डोव्हरजवळ अडवून ठेवलं होतं. परिषदेनंतर या राजधान्या फिरल्या, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, रोम, पॅरिस. तटस्थ देशांनी मध्यस्थी करावी एवढंच मागणं.

परत आल्यावर ९ जुलैला न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्ये भाषण. त्यात सांगून गेल्या की संगिनींच्या हल्ल्याआधी सैनिकांना मद्य वगैरे पाजतात असं देशोदेशी ऐकलं, कारण शुद्धीतल्या तरुणाला ते करवत नाही. वर्तमानपत्रं तुटून पडली, वीरांचा अपमान केला म्हणून! काल "संत" म्हणणारेच आज "भोळी म्हातारी". १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तरी या मागे हटल्या नाहीत. युद्ध संपल्यावर १९१९ ला जर्मनीत जाऊन उपाशी पोरं बघून आल्या आणि शत्रूच्या पोरांना अन्न पाठवा म्हणाल्या. त्यावर आणखी शिव्या.

एका देशभक्त महिला संघटनेने त्यांचं सदस्यत्व काढून घेतलं. बाई म्हणाल्या, मला वाटलं होतं ते आजन्म आहे, ते चांगल्या वागणुकीपुरतं होतं हे माहीत नव्हतं.

सी ६०४: हाहा. सचिवसाहेब, असं करू नका ग्रुपवर.

बी ४०३ काका: पण युद्ध थांबलं का त्याने?

बी १०२ आजी: नाही थांबलं. १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, अर्धं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकन बाई. समारंभाच्या दिवशी इस्पितळात होत्या. पैसे त्यांच्याच महिला शांतता संघटनेला देऊन टाकले. १९३५ ला गेल्या.

ए ७०१ ताई: सगळं गोडगोड नको. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या नव्या पक्षाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय प्रतिनिधींना बसू दिलं नाही, तरी बाईंनी रूझवेल्टच्या उमेदवारीला अनुमोदन दिलंच. आणि त्याच बाई १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांची संघटना काढणाऱ्यांत होत्या.

बी १०२ आजी: हो. तिथे चुकल्याच. मी वर्गातही सांगायचे.
आणि एक, हल हाऊस सप्टेंबर १८८९ चं. त्याच वर्षी ११ मार्चला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं, अमेरिकेतून परतल्या परतल्या. दोघींची भेट झाली असती तर काय बोलल्या असत्या, असं माझ्या डोक्यात कधीकधी येतं. उगाचच.

ए २०४: ते ठीक आहे आजी, पण डब्यांचं काय?

सचिव: आताच पाहून आलो. सुक्याच्या डब्यात वरणभात, वर डायपर. सीसीटीव्हीत पिशवी दिसतेय, चेहरा नाही.

सी ६०४: पिशवी कुठल्या दुकानाची?

सचिव: ग्रुपवर नको.

बी १०२ आजी: उद्यापासून मी खाली बसते. गाडी ६:५० ला येते ना? ज्याच्या त्याच्या डब्यात बघून घेईन. गुडघा दुखतो, एक खुर्ची आणून ठेवा कोणीतरी.

सचिव: वॉचमनला सांगतो. प्लॅस्टिकची चालेल?

बी १०२ आजी: चालेल. हातांची बघा.