केमोत हळदीच्या गोळ्या? कानांचा प्रश्न आहे, जरा थांबा

रोहिणी_सांगली: ‘सिस्प्लॅटिन चालू असेल तर कर्क्युमिन आणि गिंको घ्या, कान शाबूत राहतात,’ ही पोस्ट आज माझ्या मावशीला तिसऱ्या नातेवाइकाने पाठवली. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, त्याने ऐकू येणं जाऊ शकतं; कर्क्युमिन हा हळदीतला घटक, गिंको म्हणजे एका झाडाच्या पानांचा अर्क. आधार काय, तर उंदीर आणि गिनीपिगवरचे प्रयोग! त्यांना बरेचदा थेट सुईने देतात. आपण गिळतो त्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, तेही आतड्यातून नीट शोषलं जात नाही. आणि जे कानातल्या पेशींना केमोपासून वाचवेल, ते गाठीलाही वाचवणार नाही कशावरून? लहान मुलांचे कान वाचवायला २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोडियम थायोसल्फेट सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी देतात, ते याच भीतीने.

वैद्य_मिरज: वनस्पती म्हटली की तुटून पडायचं! सिस्प्लॅटिन कानात ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींना इजा करणारे रेणू) वाढवतं, हे तुम्हीही मानता. मग तो कमी करणाऱ्या अँटीऑक्सिडंटचा विचार चुकीचा कसा? हळदीवर पेटंट मिळत नाही म्हणून मोठ्या चाचण्यांना कोणी पैसा देत नाही. चीनमधली २००६ची चाचणी बघा: जेंटामायसिन या कानांना अपाय करणाऱ्या अँटिबायोटिकसोबत अ‍ॅस्पिरिन, बहिरेपणा १३ टक्क्यांवरून ३ वर. अ‍ॅस्पिरिनचं मूळ विलो झाडाच्या सालीतच आहे.

रोहिणी_सांगली: साल उकळून नव्हती पाजली, वैद्यबुवा. मोजलेला डोस होता आणि औषध जेंटामायसिन होतं. सिस्प्लॅटिनसोबत ब्रिटनमध्ये अ‍ॅस्पिरिन देऊन पाहिलं, कान वाचले नाहीत.

एस्टीवाला: तुम्ही दोघं सालीवर भांडा. माझ्या थोरल्या भावाला एमडीआर टीबीत (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा टीबी) कॅनामायसिनच्या सुया दिल्या, तेही जेंटामायसिनच्याच जातीचं औषध. आधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) नाही, मधे नाही. कानात गुंई आवाज येतो म्हणाला, तर ‘अशक्तपणा आहे’. कंडक्टर होता, घंटी ऐकू येईना म्हणून डेपोत बसवला. हळद नको की थायोसल्फेट नको, निदान कान तपासा!

वैद्य_मिरज: तालुक्याला मशीन असतं का?

एस्टीवाला: नसेल तर जिल्ह्याला पाठवा! आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून रोग्याला कळतच नाही. कळतं तोवर कानातल्या ऐकण्याच्या पेशी मेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. २०१९ला जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन नको म्हटलं, सुयांऐवजी बेडाक्विलिनच्या गोळ्या आल्या. भावाला काय उपयोग?

रोहिणी_सांगली: दादा, हे मी लिहायलाच हवं होतं. मावशीची ऑडिओमेट्री मीही मागितलेली नाही, उद्या मागते.

वैद्य_मिरज: ठीक आहे, केमोत परस्पर कर्क्युमिन नको, एवढं मान्य. पण माणसांवर चाचणी करा ही माझी मागणी कायम. आणि ऑडिओमेट्रीबद्दल एस्टीवाल्यांशी माझं भांडण नाही.

एस्टीवाला: मग तुमच्याकडे येणाऱ्या टीबीच्या आणि केमोच्या प्रत्येक रोग्याला आधी कान तपासून यायला सांगाल का? होय की नाही, एवढंच लिहा.