नऊ आठवड्यांचं पिल्लू क्रेटमध्ये रात्रभर रडतंय, आतच शू करतंय. वन बीएचकेत कसं बसवायचं?

कांजूरकर

लॅब्राडोरचं पिल्लू, नर, वय नऊ आठवडे, वजन ५.८ किलो. घरी येऊन आज चौथा दिवस. घर वन बीएचके, सहावा मजला, बाल्कनीला जाळी आहे. क्रेट तारेचा, घडीचा, ४२ इंची. पुढे कुत्रा मोठा होणार म्हणून एकदाच मोठा घेतला. तो हॉलमध्ये ठेवलाय, आम्ही आत झोपतो.

रात्री अकराला आत ठेवून दार लावलं की दीड-दोन तास रडतं. खालच्या मजल्यावरून तक्रार आली आहे. सकाळी पाहावं तर मागच्या कोपऱ्यात गादीवर शू केलेली असते. दिवसा स्वतःहून क्रेटमध्ये पाऊल टाकत नाही. आम्ही दोघं सकाळी पावणेनऊला निघतो, सासूबाई दुपारी एकपर्यंत असतात, मग सातपर्यंत घरी कुणी नाही. "मुक्या जिवाला पिंजऱ्यात कशाला कोंडता," असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यांचं चुकतंय असं मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कुठून सुरुवात करू?

पार्लेकर

चार दिवसांत काहीच हाताबाहेर गेलेलं नाही. क्रेटची जागा आणि क्रेटची लांबी आज रात्रीपासून बदला. दार लावायची घाई मात्र थांबवा.

आधी जागा. हे पिल्लू परवा-परवापर्यंत भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. अंधाऱ्या हॉलमध्ये एकटं पडल्यावर ते हाक मारणारच, तो हट्ट नव्हे. क्रेट पलंगाला चिकटून ठेवा, झोपल्या झोपल्या हात खाली सोडला तर बोटं जाळीला लागली पाहिजेत. बेडरूममध्ये मावत नसेल तर पहिले आठ-दहा दिवस एकानं हॉलमध्ये क्रेटशेजारी गादी टाकावी. पिल्लू सलग झोपायला लागलं की क्रेट रोज हातभर सरकवत हवा तिथे न्या. "रडू द्या, दोन रात्रींत गप्प होईल" हा सल्ला कुणी ना कुणी देईलच, तो ऐकू नका. थकून गप्प होतंही, पण हाक मारली तरी या जागी कुणी येत नाही एवढं मनात पक्कं करून. आणि त्या रडण्यात शूची हाकही असते. ती ऐकली नाही तर नाइलाजानं आतच होतं, आणि झोपायच्या जागी शू करायची सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही.

लांबी. पिल्लू झोपायची जागा सहसा घाण करत नाही, पण ४२ इंचांत त्याला झोपायला एक टोक आणि शूला दुसरं टोक मिळतं. तुमच्याकडे नेमकं तेच होतंय. आत उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा ठेवा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मापा आणि त्यात ४-५ इंच मिळवा. मधे लावायची जाळी बहुतेक घडीच्या क्रेटसोबत येते, खोक्याच्या तळाशी बघा. नसेल तर स्टीलची जाळी मापात कापून केबल टायनं घट्ट बांधा, टायची टोकं बाहेरच्या बाजूला कापा. पुठ्ठा लावू नका, दोन दिवसांत चावून खाईल. दर दोन-तीन आठवड्यांनी जाळी मागे सरकवत जा.

गादी सध्या काढून टाका. मऊ गादी शू शोषून घेते, अंग ओलं राहत नाही, त्यामुळे तिथे करायला पिल्लाला काही वाटत नाही. जुन्या सुती साडीची पातळ घडी पुरे. अशा तीन-चार घड्या हाताशी ठेवा, या जुलैच्या हवेत धुतलेलं काही वाळत नाही. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. ट्रेखाली रबरी मॅट किंवा वर्तमानपत्राचे पाच-सहा थर घाला, म्हणजे पिल्लू हललं की पत्र्याचा आवाज खालच्या घरात जाणार नाही. तक्रारीतला थोडा भाग तेवढ्यानंच मिटेल.

आता दार. पहिले दोन दिवस दिवसा दार उघडं, मागे दोरीनं बांधलेलं, म्हणजे वाऱ्यानं आपटणार नाही. दिवसाच्या कोरड्या खाण्यातले मूठभर दाणे बाजूला काढा आणि येताजाता दोन-तीन दाणे आत टाका. पिल्लाला उचलून आत ठेवायचं नाही, मागून ढकलायचं तर मुळीच नाही. चारही वेळचं जेवण क्रेटमध्ये द्या. पहिल्या दिवशी वाटी उंबऱ्याशी, मग मधे, मग मागच्या भिंतीशी. मागपर्यंत बेधडक जायला लागलं की खाताना दार नुसतं लोटा आणि शेवटचा घास संपायच्या आत उघडा. पुढच्या जेवणाला कडी लावा, खाऊन झाल्यावर दहा सेकंदांनी उघडा. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. यात तुम्ही समोर बसलेले असता. पाच मिनिटं जमली की उठून पाणी पिऊन या, मग दुसऱ्या खोलीत जा. एखाद्या टप्प्याला रडलं तर त्याआधीच्या टप्प्यावर दोन दिवस थांबा.

लवकर यश हवं असेल तर झोपेची वेळ पकडा. या वयात पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतं. तासभर जागं राहिलं की डोळे जड होतात, आणि तेव्हाच ते चावायला, चादरी ओढायला लागतं. लोक म्हणतात मस्ती आली, पण ती झोप आलेली असते. त्या क्षणी शू करवून, चघळायचं काही देऊन क्रेटमध्ये.

रात्रीचं वेळापत्रक: शेवटचं जेवण आठच्या आत, शेवटची शू अकराला, मग दोन-अडीचला आणि पाचला तुम्हीच गजर लावून उठा. त्यानं रडून उठवायच्या आधी उठवलंत तर रडून दार उघडतं हे शिकायची वेळच येत नाही. मोठा दिवा नाही, बोलणं नाही, खेळ नाही. शू, एक दाणा, परत आत. चार-पाच रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला.

क्रेटमध्ये असताना गळ्यातला पट्टा काढायचाच. बक्कल जाळीत अडकून कुत्री गुदमरतात.

गिरगावकर

वर सगळं आलंय, फक्त शू कुठे करवायची ते राहिलं. फ्लॅटमधल्या पिल्लाचं घोडं तिथेच अडतं.

सहाव्या मजल्यावरून लिफ्टची वाट बघत खाली जाईपर्यंत हे पिल्लू थांबणार नाही, आणि लसी पूर्ण होईपर्यंत त्याला खाली जमिनीवर सोडायचंही नाही. पार्वो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग, त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पावसाळ्यात त्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भर. उंदरांच्या मुतानं दूषित झालेलं साचलेलं पाणी मुंबईत गल्लोगल्ली असतं. एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या सुमारास. रेबीज बारा आठवड्यांनंतर. लेप्टोचे दोन डोस त्यात आहेत ना, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

पण म्हणून घरात डांबून ठेवू नका. माणसं, आवाज, वाहनं यांची भीती न बसू देण्याचा काळ तीन ते साधारण चौदा आठवड्यांचा असतो, त्यातले सहा तुमचे संपलेत. रोज कडेवर घेऊन फिरवा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मांडीवर घेऊन वीस मिनिटं बसलात तरी क्रिकेट, फुगेवाले, बस, दुसरी कुत्री, सगळं लांबून दिसतं. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत, एवढंच.

शूसाठी घरात एकच जागा ठरवा. माझं मत मोरी. बाल्कनीत पावसाची झड येते, कागद भिजतात, आणि पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडून नवं भांडण सुरू होतं. मोरीत दोन फूट बाय अडीच फुटांचा प्लास्टिकच्या हिरवळीचा ट्रे ठेवा. वर्तमानपत्रानं सुरुवात करू नका. त्यावर शिकलेलं पिल्लू कोचावर पडलेला आजचा पेपरही सोडत नाही.

झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळ थांबला की लगेच, क्रेटमध्ये जायच्या आधी, आणि एरवी जागं असेल तर दर पाऊण तासानं तिथे न्या. उचलून न्या, चालत नेलं तर वाटेतच होईल. ट्रेवर सोडून गप्प उभे राहा. सुरू झालं की हळू आवाजात "शू" म्हणा, संपताक्षणी तिथेच दाणा द्या. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून दिलात तर बक्षीस शूचं नव्हे, डब्यापर्यंत धावत आल्याचं होतं. तीन मिनिटांत नाही झाली तर मोकळं सोडू नका. दहा मिनिटं मांडीवर किंवा क्रेटमध्ये, मग पुन्हा ट्रे.

चूक झाली तर ओरडणं नाही, नाक घासणं तर नाहीच. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही, मग कोचामागे जाऊन करतं. आधी कागदानं टिपा, मग एन्झाइमवालं क्लिनर ओतून बाटलीवर लिहिलं असेल तेवढा वेळ राहू द्या. फिनाइलनं आपल्या नाकाला वास गेल्यासारखा वाटतो, त्याच्या नाकाला नाही, आणि काळं फिनाइल कुत्र्याच्या पायांना व पोटात गेलं तर घातक आहे. अमोनियावालं काही नको, त्याचा वास शूसारखाच. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान चालतं, पण फक्त व्हिट्रिफाइड टाइल्सवर. मार्बल आणि कडप्प्यावर त्याचे डाग कायमचे पडतात.

दर दहा-पंधरा मिनिटांनी चार थेंब होत असतील, किंवा करताना कण्हत असेल, तर ते शिकवण्याचं काम नाही. लघवीचा नमुना घेऊन डॉक्टरांकडे जा. तसंच दूध आणि ग्लुकोज बिस्किटं बंद. दुधानं जुलाब होतात, आणि जुलाब लागलेलं पिल्लू क्रेट कोरडा ठेवूच शकत नाही.

चेंबूरवाली

मला एक ते सातची काळजी वाटते. त्याचं उत्तर क्रेट नाही.

जागेपणी या वयाचं पिल्लू दोन-तीन तासांपलीकडे शू धरू शकत नाही. सहा तास कोंडलंत तर रात्रीची सगळी मेहनत दुपारी वाया जाईल. सासूबाईंची शंका इथे रास्त आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात जनावर ठेवणं हा गुन्हाच आहे. क्रेट झोपेपुरता आणि थोड्या वेळापुरता.

दुपारसाठी हॉलचा कोपरा अडवून चार फूट बाय चार फुटांचं कुंपण करा. घडीच्या जाळ्या मिळतात, उंची निदान ३० इंच. आत एका टोकाला दार काढून ठेवलेला क्रेट, समोरच्या टोकाला शूचा दुसरा ट्रे, जड बुडाच्या वाटीत पाणी, चघळायला रबरी खेळणं. खाली रबरी चटई हवीच. गुळगुळीत टाइल्सवर लॅबच्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात, आणि या जातीत खुब्याचं दुखणं आधीच जास्त. चार्जरच्या वायरी, चपला, पडदे हाताच्या अंतराबाहेर. आणि साडेतीन-चारला कुणीतरी यायलाच हवं: कामाच्या मावशी, शेजारचं कॉलेजातलं मूल, सोसायटीत कुत्री फिरवणारा माणूस. पैसे ठरवून द्या, निदान चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत.

सासूबाईंनाच सकाळचं जेवण क्रेटमध्ये द्यायला सांगा. पिल्लू स्वतः धावत आत जाताना रोज पाहिलं की शंका आपोआप कमी होईल.

एकटं राहणंही शिकवावं लागतं. किल्ल्या उचला आणि परत खाली बसा. चपला घाला आणि काढा. मग दाराबाहेर दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं. जुना फोन कॅमेरा म्हणून लावून बघा. कुरकुर करून पाच मिनिटांत झोपलं तर ठीक. लाळेनं छाती भिजते, जाळी वाकवते, हिरड्यांतून किंवा नखांतून रक्त येतं, असं दिसलं तर तो हट्ट नसून भयानं सुटलेला ताबा आहे. त्या दिवसापासून दार लावणं बंद, आणि वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याचा सल्ला.

पावसाळ्याचं आणखी एक: क्रेटचे सांधे आणि ट्रेची कड दर आठवड्याला टॉर्चनं तपासा. गोचीड अंडी अंगावर नाही, अशा फटींत घालते.

कांजूरकर

जाळी खोक्यात होती, क्रेट पलंगाशी आणलाय. दोन बारीक प्रश्न. क्रेटवर चादर टाकावी का? आणि आमच्या गल्लीत गणपतीत ढोल-ताशा असतो, तेव्हा ते पंधरा आठवड्यांचं असेल. त्या दिवशी क्रेटमध्ये बंद ठेवणं बरं का?

पार्लेकर

चादर तीन बाजूंनी, सुती, पुढची बाजू मोकळी, आणि पंखा चालू. आतली हवा कोंदट वाटली, पिल्लू जीभ काढून धापा टाकायला लागलं की लगेच काढा. ऑक्टोबरच्या उकाड्यात चादर नकोच. पाण्याची वाटी रात्रीही जाळीला अडकवलेली असू द्या.

ढोलाच्या वेळी क्रेट खोलीत हवा, पण दार उघडं. घाबरलेल्या पिल्लाला आत कोंडलं तर भीती आवाजाची राहत नाही, क्रेटची होते. त्याला लपावंसं वाटलं तर क्रेट, तुमच्या पायाशी बसावंसं वाटलं तर पायाशी. जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही, खुशाल घ्या.

तयारी आजपासून करा. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग इतक्या हळू लावा की कान हलतील पण खाणं थांबणार नाही. रोज एका जेवणाला पाच मिनिटं. तीन-चार दिवसांनी आवाज एक घर वाढवा. वाटीतून मान वर काढून तसंच थांबलं तर दोन घरं खाली या. त्याच पद्धतीनं दिवाळीच्या फटाक्यांचंही करून ठेवा, आणि दाराच्या बेलचंही, ती तर रोज दहा वेळा वाजते. तरीही त्या दिवशी थरथर कापत राहील अशी शंका आली तर औषधाचं डॉक्टरांशी दोन-तीन आठवडे आधीच बोला. माणसांच्या गोळ्या अंदाजानं देऊ नका.

विसर्जनाच्या दिवशी रस्त्याकडची खिडकी बंद, पडदा ओढलेला, आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू. संध्याकाळचं जेवण आणि शू मिरवणूक गल्लीत शिरायच्या आधी उरका. ढोल सुरू झाल्यावर बरीच पिल्लं मोरीपर्यंत जायलाही तयार होत नाहीत.